आतून पुसलेला गॉगल

गॉगलची काच आतून कधीही पुसायची नाही. तलावावर येणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला मी हे सांगते, आणि त्यातल्या निम्म्या जणी मान डोलावून माझ्यासमोरच टॉवेलच्या टोकाने ती आतून पुसतात. मग दोन फेऱ्या मारून कठडा धरून उभ्या राहतात आणि विचारतात, "तुमचाच कसा स्वच्छ राहतो हो?" माझी पद्धत ठरलेली आहे. आधी तोंड पाण्यात बुडवून गार करायचं, कारण सोलापुरात स्कूटरवरून आलेलं तोंड सकाळीसुद्धा तापलेलं असतं आणि त्याच्याच वाफेने काच धुरकटते. मग आत थुंकी किंवा लहान मुलांच्या शाम्पूचा थेंब, नुसता बोटाने फिरवायचा, घासायचा नाही. तलावाच्याच पाण्यात एकदा विसळून लगेच डोळ्यांवर. एकदा चढवला की कपाळावर सरकवायचा नाही. डबीवर काय छापलंय त्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणखी एक नियम आहे, तो मी सहसा कुणाला सांगत नाही: घरी गॉगल कुठे ठेवता आणि दुपारी घरात कोण असतं, याची चौकशी करायची.

मी अकरावीत होते तेव्हा आम्ही सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत राहत होतो. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागे फरशीचं छोटं परसू. अण्णा पाटबंधारे खात्यात कारकून, आई शाळेत शिक्षिका. मी सकाळी पोहायला, मग कॉलेजला. म्हणजे दिवसभर घर आत्याचं. आत्या अण्णांची थोरली बहीण, माढ्याजवळच्या गावात दिलेली. मूलबाळ नव्हतं, नवरा गेल्यावर दिरांनी तिला कसं वागवलं याबद्दल घरात कुणी बोलत नसे. मी पहिलीत जायच्या आधी ती एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आली आणि दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर तिचं झालं. पहाटे भाकऱ्या थापल्याचा आवाज, दुधाचं पातेलं उतरवताना सांडशीचा खडखडाट, आणि दुपारी परसात उखळात शेंगाचटणी कुटल्याचा धप्प धप्प. आत्याची चटणी गल्लीत प्रसिद्ध होती. शेंगदाणे भाजून, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ घालून ती इतकी कुटायची की शेवटी चटणीचा गोळा व्हायचा आणि त्याला बाजूने तेल सुटायचं. कडक भाकरी मोडून त्यात ती घेतली की दुसरं काही लागत नसे. पाहुणे यायचे ते रिकामा डबा पिशवीत ठेवूनच.

त्या हिवाळ्यात आत्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, धूर नको, तिखट उडायला नको, वाकून जड काम नको. अण्णांनी घरी येऊन पहिलं काम केलं ते उखळ पालथं घालण्याचं. मुसळ मोरीच्या मागे उभं करून ठेवलं आणि नव्या पेठेतून मिक्सर आणला. आत्या मिक्सरकडे, एखादा अनोळखी माणूस न सांगता घरात शिरून बसावा तशी बघत होती.

"ह्यानं चटणी होत न्हाय दत्ता," ती म्हणाली. "भुगा होतोय. दाण्याला तेल कुटल्यावर सुटतंय, गरागरा फिरवल्यावर न्हाय."

"आक्का, डोळा गेला तर मी दुसरा कुठून आणू?" अण्णा म्हणाले. ते बहिणीशी आवाज चढवून कधी बोलत नसत, पण त्यापुढे कुणी काही बोलायचं नाही हे सगळ्यांना कळलं.

त्याच सुमारास माझा गॉगल आला. अण्णांच्या कचेरीतल्या एकांनी पुण्याहून आणला होता. निळ्या काचा, काळा रबरी पट्टा, आणि डबीवर इंग्रजीत लिहिलेलं की या काचांवर धुकं धरत नाही. आतल्या बाजूला कसलासा पातळ थर होता, त्याला बोट लावू नये असंही लिहिलं होतं. पहिले काही दिवस मी पाण्याखाली तळाची काळी पट्टी, समोरून येणाऱ्यांचे पाय, भिंतीवरच्या फरशीचे सांधेसुद्धा मोजू शकत होते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये माझी वेळ सुधारली. विभागाच्या संघासाठी निवड चाचणी जवळ आली होती आणि अण्णांनी सरळ सांगून ठेवलं होतं: "निवड झाली तर पुढचं वर्ष पोह. नाही झाली तर तलाव बंद. बारावीला दोन्ही जमणार नाही." मला तेव्हा तलावाशिवाय दुसरं काही नको होतं. त्यामुळे सगळं त्या एका सकाळवर आलं होतं.

आणि मग गॉगल धुरकटायला लागला. सुरुवातीला दुसऱ्या फेरीत, मग पहिल्याच. नुसतं धुकं नाही, पाण्याचे बारीक थेंब थेंब धरायचे आणि त्यातून समोरचं सगळं वाकडं दिसायचं. मी एकेक उपाय करून पाहिला. थुंकी. शाम्पूची पुडी. अंगाचा साबण. टूथपेस्ट. कच्च्या बटाट्याची चकती, जी मी स्वयंपाकघरातून चोरून नेली आणि जिच्याबद्दल आत्याने दोन दिवस भाजीवाल्याला बोल लावले. कशाचाही गुण सकाळपलीकडे टिकेना. तलावावर नीट धुऊन, काच स्वच्छ करून घरी न्यावा, खिळ्याला टांगावा आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा तेच. शिवाय डोळे झोंबायचे. क्लोरीनने सगळ्यांचेच झोंबतात, पण माझे गॉगल घातल्यावर जास्त आणि काढल्यावर कमी झोंबायचे, हे उलटं होतं. आणि एक गोष्ट मला फार खटकली. पट्टा मी रोज सकाळी आवळून घ्यायची आणि दुसऱ्या सकाळी तो सैल झालेला असायचा.

माझे डोळे लाल दिसायला लागले तसा घरातल्यांनाही संशय आला, पण प्रत्येकाला वेगळा. अण्णांना वाटलं मी रात्री जागते. आईला वाटलं मी रडते, आणि मुलगी अकरावीत असताना रडते म्हणजे त्याचं कारण एखादा मुलगाच असणार. तिने माझी कॉलेजची बॅग तपासली. त्यात शाम्पूची पुडी निघाली तर ती हातात धरून मला विचारते, "ही कुणासाठी?" मी म्हटलं, गॉगलसाठी. तिने पुडी परत ठेवली, पण तिचा विश्वास बसला नव्हता. आत्या मात्र काही विचारायची नाही. ती माझ्या ताटात तूप जास्त वाढायची आणि डोळ्यांवर ठेवायला दुधात भिजवलेला कापूस द्यायची. मला वाटायचं, घरात एवढीच माझ्या बाजूची आहे.

माझा संशय पद्मावर होता. पद्मा पूर्व भागातल्या विणकरांच्या घरची. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि पाण्यात कुणाशीच नाही. ती माझ्याच गटात ब्रेस्टस्ट्रोक पोहायची, आणि चाचणीतून दोघींनाच घेणार होते. कपडे बदलायच्या खोलीत आमच्या पिशव्या एकाच खुंटीला असायच्या. तिची वेणी जाड होती, टोपीखाली डोकं माझ्यापेक्षा मोठं दिसायचं. सैल पट्ट्याचं कारण मिळालं असं मला वाटलं. मी तिला सरळ विचारलं, "तू माझा गॉगल घालतेस का?"

पद्मा टोपी काढत होती. तिने ती पूर्ण काढली, पाणी निथळू दिलं आणि मग म्हणाली, "मला माझा आहे की. तुझा कशाला घालू? तुझं डोकं बघितलंस का, लिंबाएवढं."

"मग पट्टा सैल कोण करतं?"

"मला काय विचारतेस बे. बघू इकडं." तिने गॉगल हातात घेतला, उजेडाकडे धरला, काचेवरून बोट फिरवलं, मग ते बोट नाकाशी नेलं. "तुझ्या गॉगलला जेवणाचा वास येतोय. खरंच येतोय गं. मला भूक लागली."

मी हुंगून पाहिलं. मला कसलाच वास आला नाही. आता कळतं की यायची शक्यताच नव्हती. माझे केस, माझी वह्यांची पिशवी, माझा गणवेश, सगळ्याला तोच वास होता. माणसाला आपल्या घराचा वास येत नाही. पण पद्माच्या तोंडावर चोरी पकडल्यासारखं काही नव्हतं, नुसती भूक होती. मी घरी जाताना तलावावरच्या कुणाचाही विचार केला नाही. काय होतं ते आमच्या घरात होतं.

मग मी नीट विचार केला. खिळा स्वयंपाकघराच्या दाराशी. सकाळी सगळे बाहेर. दुपारी आत्या एकटी. हल्ली दुपारी रेडिओ इतका मोठा लावायची की शेजारच्या काकूंनी एकदा आईला विचारलं होतं, आक्कांना ऐकू कमी येतं का. आणि चटणी. मिक्सरचीच चटणी म्हणून जी वाढली जायची तिला तेल सुटलेलं असायचं. आई ती भाकरीवर घेऊन उजेडात जरा धरायची आणि मग काही न बोलता खायची.

चाचणीच्या दोन दिवस आधी मी पोटात दुखतंय म्हणून कॉलेज बुडवलं. आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडले. आत्याने ओवा आणून दिला, कपाळाला हात लावला, आणि मला झोप लागली असं समजून दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने रेडिओ मोठा झाला. त्याच्या खाली, जाड कापडातून यावा तसा, धप्प धप्प आवाज सुरू झाला.

मी उठून परसाच्या दाराच्या फटीतून पाहिलं. उखळ सुलटं होतं, त्याच्याखाली जुन्या गोधडीची घडी. आत्याने नऊवारीचा ओचा खोचला होता, पदर नाकातोंडावर बांधला होता आणि डोळ्यांवर माझा निळा गॉगल. पट्टा अंबाड्याच्या खालून ताणून बसवलेला. ती मुसळ उचलत होती आणि टाकत होती, आणि दर थोड्या वेळाने थांबत होती. थांबून गॉगल काढायची, पदराचं टोक काचेत आतून घालून अंगठ्याने खसाखसा घासायची, परत चढवायची. तिलाही त्यातून दिसत नव्हतं. पदर तिखटाने लाल आणि दाण्याच्या तेलाने तुकतुकीत झाला होता.

मी दार उघडलं. आत्याने मुसळ उखळात उभं सोडलं. गॉगल मात्र काढायला ती विसरली.

"पोट दुकत हुतं की तुझं," ती म्हणाली.

"आत्या, तो माझा आहे."

"म्हायती हाय की." तिने तो काढला. डोळ्यांभोवती गोल वळ उठले होते. "ह्यात काय दिसत न्हाय गं. वाफ धरती नुसती. तुझ्या बापाला फसवलं कुणी तरी."

मला हसू यायला हवं होतं, पण मी तिच्या हातातून गॉगल ओढून घेतला. मी म्हटलं, "तू आतून पुसतेस म्हणून धरते. तो थर होता, तो गेला. त्यात तेल गेलंय, तिखट गेलंय. माझे डोळे त्याने झोंबतायत. परवा माझी चाचणी आहे."

ती खाली बसली. "कुटून झाल्यावर म्या बंबाच्या राखेनं घासून ठेवत हुते की रोज," ती म्हणाली. "चांगला लख्ख करून."

राखेनं. मी काच उन्हात धरली. आतून बारीक बारीक चरे, कळशीच्या बुडासारखे.

"का पण, आत्या? अण्णांनी एवढं सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं."

"डोळा झाकूनच करतीया की." तिने उखळाच्या काठावरची चटणी बोटाने आत ढकलली. "मिक्सर आलाय. गॅस आलाय. कपडं धुवायला बाई लावा म्हणतीया तुझी आई. मग म्या हितं कशाला हाय, सांग की. डबं घिऊन येत्यात मान्सं, आक्काची चटणी म्हणत्यात, तवर हाय. उद्या दत्ता म्हणंल, आक्का, गावाकडं जाऊन ऱ्हा जरा. तितं कोण हाय माझं?"

अण्णा असं कधी म्हणतील असं मला वाटत नव्हतं. पण तिच्या ट्रंकेला अजून कुलूप असायचं आणि किल्ली कमरेला, हे मला माहीत होतं.

"दत्ताला सांगणार हाईस?"

मी अटी घातल्या. मला तेव्हाही तेच जमायचं. गॉगलला हात लावायचा नाही. डोळा दाखवायला पुन्हा डॉक्टरांकडे जायचं. चाचणी होईपर्यंत मुसळ धरायचं नाही. याच्या बदल्यात मी कुणाला काही सांगणार नाही. आत्याने सगळ्याला "व्हय" म्हटलं, आणि उखळातली चटणी वाया जाऊ नये म्हणून तेवढी पुरी कुटून घेतली.

गॉगल मी भांड्यांच्या साबणात रात्रभर बुडवून ठेवला. तेल गेलं, चरे कसे जाणार? चाचणीच्या सकाळी मी तोंड गार केलं, थुंकी लावली, विसळला, सगळं केलं. जातानाची फेरी ठीक गेली. वळल्यावर डाव्या काचेत पांढरं भरलं, मग उजव्या. मी काळ्या पट्टीचा अंदाज धरून पोहत होते आणि खांदा दोरीला घासला. पुढच्या भिंतीला नुसती बोटांची टोकं लागली आणि मी लवकर वळले. पायांना भिंत लागलीच नाही, नुसतं पाणी. तिथे माझा सगळा वेग गेला. मी तिसरी आले. पद्मा पहिली. ती कठड्याशी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "भिंत कुठं आहे विचारायचं की बे. ओरडून सांगितलं असतं." तिचा स्वभाव तसाच होता, त्यात मला टोमणा लागला नाही. आमचे पोहण्याचे सर फक्त म्हणाले, "एवढ्या लवकर वळलीस कशी?" मी म्हटलं, दिसलं नाही.

संध्याकाळी अण्णांनी ऐकून घेतलं, हात धुतले, पाटावर बसले. आम्ही सगळे बसलो. "ठरलं होतं त्याप्रमाणे," ते म्हणाले. "आता बारावी. तलावाची पिशवी वर ठेवून दे." आवाजात राग नव्हता. मी मान खाली घातली. मी आत्याला शब्द दिला होता आणि तो पाळायचा म्हणजे मुकाट्याने जेवायचं, एवढंच मला कळत होतं. आईने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. त्या दिवशी ते खरंच रडून लाल झाले होते.

आत्या गॅसपाशी उभी होती. तिने तवा उतरवला. "पोरीचा दोष न्हाय त्यात," ती म्हणाली.

"आक्का, तू मधे पडू नकोस."

"मधे म्याच हाय, दत्ता. तिचा चष्मा म्या नासला. चटणी कुटाय घालत हुते."

अण्णांचा घास हातातच राहिला. "कसली चटणी? उखळ पालथं आहे."

"दुपारी सुलटं आसतं."

मग आई हळूच म्हणाली, "मिक्सरच्या चटणीला एवढं तेल सुटत नाही. मला संशय होता."

"आणि तू खात होतीस?" अण्णा म्हणाले.

"चांगली होती," आई म्हणाली.

अण्णांनी ताट सरकवलं. ते आत्याच्या उजव्या डोळ्याकडे बघत होते. मला वाटलं आता ओरडतील, पण त्यांचा आवाज उलट बारीक झाला. "डोळा गेला असता तर, आक्का?"

"गेला न्हाय की. चष्मा हुता." मग तिने पदराचा बोळा हातात घट्ट धरला. "पोरीचं पोहणं माझ्यापायी बंद करणार आसशील तर मला आधी माढ्याच्या गाडीत बसव. म्या न्हाय बघणार ती पिशवी वर ठिवल्याली. ट्रंक भरून ठिवलीया."

अण्णा उठले. मोरीमागून मुसळ घेतलं आणि तसेच खरकट्या हाताने शेजारच्या काकूंच्या दारात नेऊन ठेवून आले. परत आल्यावर त्यांनी हात धुतले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "कुणी कुठं जाणार नाही. ट्रंक रिकामी करा." आणि थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता, "पुढच्या हंगामापर्यंत. त्यानंतर मी ऐकणार नाही."

असं माझं पोहणं राहिलं. पुढच्या हंगामात नव्या गॉगलने माझी विभागासाठी निवड झाली, तिथे मी काही फार मोठं केलं नाही, आणि बारावीही पास झाले. पण मला जास्त आठवतात त्या आधीच्या सकाळी. मुसळ गेल्यावर आत्याला पहिले काही दिवस काय करावं ते सुचेना. स्वयंपाकघरात एकच डबा ती चार वेळा पुसायची. मग एका सकाळी मी सायकल काढत होते तर ती चपला घालून दारात उभी.

"कुटं ठिवतीस तितं चष्मा?" तिने विचारलं.

"खुंटीला."

"आनि तू पाण्यात आसताना? कुणाचं लक्ष?"

"कुणाचं नाही."

"बघ," ती म्हणाली, आणि मागे बसली.

त्या दिवसापासून ती रोज आली. तलावाच्या पायरीवर, सावलीच्या बाजूला, मांडीवर नव्या गॉगलची डबी घेऊन. मी पाण्यात उतरायच्या क्षणापर्यंत गॉगल तिच्याकडे, वर आले की पुन्हा तिच्याकडे. पद्मावर तिचा सुरुवातीपासून डोळा होता, कारण ती पहिली आली होती. इतर मुलींना ती नावगाव विचारून घ्यायची आणि त्यांच्या हातांकडे बघायची. एकदा सर स्वतः तिच्याजवळ गेले, नव्या गॉगलचा पट्टा माझ्या मापाला बसवून द्यावा म्हणून. त्यांनी हात पुढे केला. आत्याने डबी पदराखाली घेतली.

"आत्या, सर आहेत ते," मी पाण्यातून सांगितलं. "आमचे सर."

आत्याने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आसतील की," ती म्हणाली. "आधी हात धुऊन या म्हणावं."